पांढऱ्या बगळ्याचे गणित

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे इंग्रजी अमदानीत शेतीच्या पाण्यासाठी बंधारा झाला. नद्यांनी वर्षानुवर्षे गाळ आणून टाकला. पाणी उथळ झाले, बेटे वर आली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात हा तोटा. बदकांना मात्र आयतेच घर मिळाले. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी या नांदूर मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटले, १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले.

पक्ष्यांमागोमाग कॅमेरे आले.

त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचे रोप रोज थोडे थोडे टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. पण रोप जागचे हलत तरी नाही! इंग्लंडात छायाचित्रकार कीर्टन बंधू पक्ष्यांजवळ जाण्यासाठी पोकळ बैलात लपून बसत. नांदूरला निरीक्षण मनोरे असल्याने तेवढा छळ वाचला.

खरी अडचण उजेडाची. फिल्मच्या काळात कोडॅक्रोम ६४ ही स्लाइडची फिल्म रंगांना सुरेख, पण वेगाला गरीब. भर उन्हात एफ ५.६ ला १/५०० सेकंद मिळे. सकाळच्या कोवळ्या उजेडात तीच गती १/६० वर येई आणि तलवार बदक उडाले की पंखांचा नुसता धूर उरे. रोलमध्ये छायाचित्रे ३६. चूक कळायची ती स्लाइड धुऊन आल्यावर. आज आयएसओ १६०० वर त्याच उजेडात १/१५०० च्या आसपास गती मिळते. थोडे दाणे दिसतात, पण पंख शाबूत.

एक चूक मात्र फिल्मपासून आजवर टिकून आहे. कॅमेऱ्यातला मीटर अख्खे जग मध्यम राखाडी धरून चालतो. काळ्याभोर पाण्यात एकटा बगळा उभा असला, तर मीटर पाणी उजळायला जातो आणि बगळ्याची पिसे जळून पांढरा ठिपका होतो. तोच बगळा चौकटभर आला, तर मळकट दिसतो. म्हणून पहिल्या वेळी एक्स्पोजर पायरीभर खाली ओढायचे, दुसऱ्या वेळी वर न्यायचे. जांभळी पाणकोंबडी गडद. ती चौकटभर असली की उलट हिशेब.

रॉ फाइलमध्ये सावलीतला तपशील बराच परत येतो, जळालेला पांढरा येत नाही. स्लाइडवरही येत नसे. संगणकावर कितीही सरकपट्ट्या हलवा, ही लढाई काठावरच जिंकावी किंवा हरावी लागते.

संपादनाला नवे खूळ म्हणणाऱ्यांनी डार्करूम आठवावी. पुठ्ठ्याच्या तुकड्याने, कधी हाताच्या पंजाने प्रकाश अडवून छपाईत पक्ष्याचे पोट उजळवले जाई. आजचे ब्रश तेच करतात. किंचित कातरणे, पार्श्वभूमीतले दाणे कमी करणे, धार फक्त डोळ्यापाशी वाढवणे, एवढे पुष्कळ झाले. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग लग्नाच्या मांडवासारखा भडक केला, की पाहणाऱ्याला पक्ष्याऐवजी सॉफ्टवेअरच दिसते.

चोचीआड आलेली पाणकणसाची काडी पुसण्याचा मोह तर फारच मोठा. मोठ्या वन्यजीव स्पर्धा अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागतात. ती काडी तिथे असतेच.