जीवरक्षकाचा प्रथमोपचार

समुद्रकिनारा, तरणतलाव किंवा जलाशयावर नेमलेल्या जीवरक्षकाने, बुडणारी व्यक्ती नजरेस पडल्यापासून तिला रुग्णवाहिकेच्या हवाली करेपर्यंत करावयाचे बचावकार्य व उपचार. बोलण्यात ‘लाइफगार्ड’ हाच शब्द रुळला आहे. इतर प्रथमोपचारांपासून हा विषय वेगळा काढावा लागतो, कारण बुडण्यात आधी श्वास थांबतो आणि हृदय त्याच्या मागून थांबते. जीवरक्षकाच्या कामाची सगळी क्रमवारी यावरून ठरते.

व्याख्या : २००२ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने, द्रवात पूर्णपणे वा अंशतः बुडाल्यामुळे श्वसनाला बाधा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणे, अशी व्याख्या केली. या प्रक्रियेचा शेवट मृत्यूत होईल, कायमच्या अपायात होईल किंवा काहीच अपाय होणार नाही. बुडून सुखरूप वाचलेल्याचीही नोंद ‘बुडणे’ अशीच होते. मराठी कानाला हे खटकते. आपल्याकडे ‘बुडाला’ म्हटले की विषय संपतो. ‘कोरडे बुडणे’, ‘दुय्यम बुडणे’ या जुन्या संज्ञा तज्ज्ञांनी मोडीत काढल्या आहेत. मुलाला पोहायला नेले आणि आठवड्याने ते अचानक गेले, अशा निरोपांतून त्या मोबाइलवर अजून फिरत असतात, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिन म्हणून जाहीर केला.

शरीरात काय घडते : नाकातोंडात पाणी जाऊ लागले की माणूस ते थुंकतो, गिळतो आणि श्वास रोखून धरतो. घाबरलेल्या अवस्थेत हे रोखणे क्वचितच मिनिटभर टिकते. मग नकळत श्वास घेतला जातो, पाणी श्वसनमार्गात शिरते, खोकला येतो. रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, शुद्ध हरपते आणि श्वास थांबतो. हृदय आधी वेगाने, मग मंद धडधडते आणि शेवटी बंद पडते. हे सारे काही सेकंदांत ते काही मिनिटांत उरकते. फुप्फुसांत शिरलेले पाणी बहुधा थोडेच असते, परंतु वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध थर त्याने बिघडतो आणि फेस येतो. खारे पाणी आणि गोडे पाणी यांचे परिणाम वेगळे, असे जुनी पाठ्यपुस्तके विस्ताराने सांगत. जीवरक्षकाच्या उपचारात त्या भेदाला काही अर्थ उरलेला नाही.

हेरणे : चित्रपटातला बुडणारा नायक हात हलवतो, ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. प्रत्यक्षात ज्याला ओरडता येते त्याच्याजवळ अजून थोडा वेळ असतो. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी खऱ्या घटनांचे चित्रीकरण करून दाखवले की बुडणारा माणूस गप्प असतो. शरीर उभे, डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होत असलेले, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असलेले आणि पायांची हालचाल जवळजवळ नाही. गटांगळ्या खाणे म्हणतात ते हेच. ही अवस्था २० ते ६० सेकंद टिकते. लांबून पाहणाऱ्याला तो खेळतो आहे असेच वाटते आणि शेजारी उभा असलेला मित्रही फसतो. तरणतलावांवर म्हणूनच १०-२० चा नियम शिकवतात : १० सेकंदांत आपल्या हद्दीवर पूर्ण नजर फिरवायची आणि काही आढळल्यास पुढच्या २० सेकंदांत तिथे पोहोचायचे.

पाण्यातून काढणे : बुडत्याला काडीचा आधार, ही म्हण प्रशिक्षणात इशारा म्हणून वाचावी. बुडणारा काडी धरतो तसा वाचवायला आलेल्याचा गळाही धरतो. म्हणून आधी काठावरून काठी पुढे करायची, मग दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकायची, मग होडी वा फळी घेऊन जायचे. अंगावर उडी घेणे अगदी शेवटी, तेही दोघांच्या मध्ये बचावनळी धरून. ही लांबट, लवचिक नळी जीवरक्षकाच्या खांद्याला पट्ट्याने बांधलेली असते. ती बुडणाऱ्याच्या हाती आली की तो शांत होतो, झटापट वाचते. श्वास थांबलेला माणूस खोल पाण्यात सापडला, किनारा दूर असला आणि जीवरक्षक त्यात तयार असला, तर पाण्यातच तोंडाने काही श्वास देता येतात. छातीवर दाब मात्र पाण्यात देता येत नाहीत, आणि तसा प्रयत्न करण्यात वेळ जातो.

किनाऱ्यावर : बाहेर काढलेल्या माणसाला वाळूच्या उतारावर डोके खाली करून ठेवायचे नाही आणि वरही नाही. त्याला पाण्याच्या रेषेला समांतर निजवायचे, म्हणजे डोके व पाय एका पातळीत राहतात. कपाळावर हात, हनुवटी वर, श्वासमार्ग मोकळा. छाती हलते का पाहायचे, कान नाकाशी नेऊन ऐकायचे, आणि हे १० सेकंदांत संपवायचे. श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास. युरोपीय पुनरुज्जीवन मंडळ सुरुवातीला ५ श्वास सांगते, अमेरिकन हार्ट असोसिएशन २. प्रत्येक श्वास सुमारे १ सेकंदाचा आणि छाती वर उचलली जाईल एवढाच. त्यानंतर ३० दाब आणि २ श्वास असे चक्र चालते. प्रौढाच्या छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यायचे. दाब देणारा दर २ मिनिटांनी बदलायचा, कारण थकव्याने दाब उथळ होतात आणि देणाऱ्याला ते कळतही नाही.

रस्त्यात कोसळलेल्या हृदयरुग्णाला नुसते दाब दिले तरी चालते, असे हल्ली सर्वांना सांगतात. त्याच्या रक्तात काही मिनिटे पुरेल एवढा ऑक्सिजन असतो, म्हणून ते ठीक. बुडालेल्याच्या रक्तातला ऑक्सिजन हृदय थांबण्याआधीच संपलेला असतो. नुसते दाबून ऑक्सिजन नसलेले रक्तच फिरवले जाते.

तोंडातून फेस येत असेल तर तो पुसत बसायचे नाही. फेसातूनच श्वास द्यायचे. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करायचे आणि पुन्हा सुरू. ती होणारच असे धरून चालावे. ऑस्ट्रेलियातील दहा वर्षांच्या नोंदींत, छातीवर दाब द्यावे लागलेल्यांपैकी ८६ टक्क्यांना उलटी झाली होती.

इथे किनाऱ्यावरच्या गर्दीबद्दल लिहिणे भाग आहे. ‘पोट दाबा, पाणी काढा’ असे कोणीतरी ओरडतेच. लहान मूल असेल तर पाय धरून उलटे टांगणे, गरगर फिरवणे हेही घडते. पोट दाबून जे पाणी निघते ते गिळलेले असते, फुप्फुसांतले नव्हे. ते वर येताना अन्नासकट श्वासनलिकेत उतरते. जो अर्धा मिनिट त्यात जातो तो श्वासाचा असतो. पोटाला झटके देण्याच्या हाइमलिख पद्धतीचाही बुडालेल्यांवर उपयोग नाही, हे १९९० च्या दशकातच तपासून ठरवले गेले. म्हणून जीवरक्षकांच्या जोडीतल्या एकाने गर्दी हटवणे हेही प्रथमोपचाराचेच काम समजतात, आणि माझ्या मते ते सर्वांत अवघड.

पूर्वपीठिका : उलटे टांगण्याला हसण्याआधी युरोपचा इतिहास पाहावा. बुडालेल्यांना वाचवण्यासाठी १७६७ साली ॲमस्टरडॅममध्ये आणि १७७४ साली लंडनमध्ये संस्था स्थापन झाल्या. लंडनची पुढे रॉयल ह्युमेन सोसायटी झाली. बुडालेल्याला ऊब देणे आणि तोंडाने फुंकणे यांबरोबर गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे हाही तेव्हाचा मान्य उपचार होता, आणि त्यासाठीची भात्याची पेटी तयार ठेवत. पिंपावर पालथे घालून लोळवणेही चाले. पुढे हाताने छाती फुलवण्या-दाबण्याच्या पद्धती आल्या : १८५८ ची सिल्व्हेस्टर यांची, १९०३ ची शेफर यांची, १९३२ ची होल्गर नीलसन यांची. आपल्याकडच्या प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत पालथे निजवून पाठ दाबणाऱ्या माणसाचे चित्र असे, ते यांतूनच आलेले. १९५० च्या दशकात जेम्स एलम व पीटर सफर यांनी तोंडाने दिलेला श्वास या सर्वांहून सरस असल्याचे दाखवले आणि १९६० साली कावेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छातीवरील दाबांची पद्धत प्रसिद्ध केली.

त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी सरावासाठी बाहुली बाजारात आणली. त्यांनी स्वतःच्या लहान मुलाला बुडताना वाचवले होते. बाहुलीला चेहरा दिला तो पॅरिसच्या सेन नदीत सापडलेली अनामिक मुलगी म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्याचा. जगभरचे जीवरक्षक आजही त्याच चेहऱ्यावर श्वास द्यायला शिकतात.

अवस्थांचे वर्गीकरण : ब्राझीलचे डॉक्टर डेव्हिड स्पिलमन यांनी १९९७ साली रिओ दि जानेरोच्या किनाऱ्यांवरील १,८३१ घटनांवरून सहा पायऱ्या ठरवल्या. नुसता खोकला ही पहिली. तीत मृत्यू नाही. तोंडाशी थोडा फेस ही दुसरी, मृत्युप्रमाण ०.६ टक्के. भरपूर फेस पण रक्तदाब ठीक ही तिसरी, ५.२ टक्के. रक्तदाब उतरलेला असेल तर चौथी, १९ टक्के. श्वास थांबला पण नाडी आहे ही पाचवी, ४४ टक्के. हृदयही थांबले ही सहावी, ९३ टक्के. पाचवी आणि सहावी यांतले अंतर पाहिले की कृत्रिम श्वासाची घाई का, हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या पायरीपासून पुढच्या प्रत्येकाला ऑक्सिजन आणि रुग्णालय. शुद्धीवर असलेल्या, श्वास घेणाऱ्याला बसवून ऑक्सिजन द्यावा. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्याला कुशीवर निजवावे.

साधने : ऑक्सिजनचे सिलिंडर, साठापिशवीचा मुखवटा, श्वास देण्याची फुगापिशवी आणि स्वयंचलित डिफिब्रिलेटर. बुडालेल्यात हृदयाचा विजेच्या झटक्याला प्रतिसाद देणारा बिघाड क्वचितच असतो, त्यामुळे यंत्र येईपर्यंत श्वास थांबवून बसू नये. ते लावण्यापूर्वी छाती कोरडी पुसावी. मानेची इजा एकूण घटनांत फारच थोडी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. उथळ पाण्यात सूर मारलेला, लाटेने डोक्यावर आपटलेला अशी हकीकत असेल तरच मान सांभाळत बसावे.

थंड पाण्यात मेंदू काही काळ तगतो. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखाली ८० मिनिटे अडकलेली, शरीराचे तापमान १३.७ अंशांवर उतरलेली महिला वाचली. कोकणच्या उबदार पाण्यात ही सवलत नाही. इथे ५ मिनिटांच्या आत बाहेर आलेल्याची आशा चांगली, १० मिनिटांनंतर ती फार कमी.

इतर दुखापती : पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर ‘ब्लू बॉटल’ नावाचे निळ्या फुग्यासारखे जीव वाहून येतात. डंखावर वाळू चोळू नये, गोडे पाणी ओतू नये, लघवीचा उपाय तर मुळीच करू नये. समुद्राच्या पाण्याने धुऊन चिकटलेले तंतू चिमट्याने उचलावे आणि सोसेल एवढ्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग बुडवावा. पाकट या माशाच्या काट्यावरही गरम पाणीच; त्याचे विष उष्णतेने निकामी होते. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो ओढू नये. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या अनेक भक्तांना असे दंश झाले होते. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी फरफटत चालले की पाकट आधीच सरकते.

महाराष्ट्र व गोवा : मुंबईत गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई या चौपाट्यांवरील जीवरक्षकांची व्यवस्था अग्निशमन दलाकडे आहे. गोव्यात २००८ पासून हे काम ‘दृष्टी’ या खासगी कंपनीकडे असून तिचे कर्मचारी किनाऱ्यांवर गस्त घालतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधले पाणी पोहण्यासाठी, नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचे नाही, ही खूण आंतरराष्ट्रीय आहे. लाल झेंड्यासमोर उभे राहून छायाचित्र काढण्याची रीत मात्र स्थानिक. प्रशिक्षण गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत आणि पुण्यातील राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीत मिळते. रुग्णवाहिकेसाठी दोन्ही राज्यांत १०८ हा क्रमांक आहे. तिच्या डॉक्टरला द्यायची माहिती ठरलेली असते : पाण्याखाली किती मिनिटे, काढले तेव्हा श्वास होता का, किती वेळ दाब दिले, उलटी झाली का, आधीचा काही आजार.

महाराष्ट्रात बुडणाऱ्यांपैकी बहुतेक माणसे मात्र विहिरीत, नदीत, धरणात आणि शेततळ्यात बुडतात, जिथे जीवरक्षक नसतो. शेततळ्याचे प्लास्टिकचे अस्तर शेवाळाने निसरडे होते आणि पोहता येणाऱ्यालाही चढून येता येत नाही. काठावर खुंटीला बांधून पाण्यापर्यंत सोडलेला गाठीगाठींचा दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन, एवढे साहित्य तिथे पुरते.