बालकांचें शौचशिक्षण : गौतमधर्मसूत्रांतील एक स्थल

लहान मुलास मलमूत्रविसर्जनाचें वळण केव्हां व कोणीं लावावें, याविषयीं धर्मशास्त्राच्या प्रमुख ग्रंथांत स्वतंत्र प्रकरण नाहीं. उलट मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत, उपनयन झाल्यावर गुरूनें शिष्यास आरंभीं शौच शिकवावें, असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांतही तोच आशय आहे. ब्राह्मणाच्या मुलाचा उपनयनकाल गर्भापासून आठवें वर्ष. तेव्हां तोंपर्यंत मुलास हें वळणच नसे, असा तर्क एखादा वाचक करील. मराठींत ‘शौचास जाणें’ हा प्रयोग रूढ असल्यामुळें तो तर्क अधिकच सोपा होतो. तो टिकत नाहीं, हें येथें दाखवावयाचें आहे.

(१) प्रथम स्मृतींतील ‘शौच’ म्हणजे काय तें पाहूं. याज्ञवल्क्य लगेच पुढें सांगतो कीं, दिवसा व संधिकालीं उत्तरेकडे आणि रात्रीं दक्षिणेकडे तोंड करून, यज्ञोपवीत कानावर ठेवून विसर्जन करावें. नंतर माती व पाणी घेऊन गंध व लेप जाईपर्यंत शुद्धि करावी. ज्याच्या गळ्यांत यज्ञोपवीत आहे त्याच्यासाठींच हा विधि आहे. गुरु शिकवितो तें शुद्धीचें शास्त्र. योग्य जागीं जाऊन बसण्याची सवय नव्हे. ती सवय मुलास आहे असें गृहीत धरूनच हे नियम सांगितले आहेत.

(२) उपनयनापूर्वींची स्थिति गौतमधर्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं आली आहे. त्या वयांत वागणें, बोलणें व खाणें यांस निर्बंध नाहीं, असें म्हणून सूत्रकार मलमूत्राविषयीं ‘यथोपपाद’ हा शब्द योजतो. म्हणजे जसें घडेल तसें. मुलास आचमनाचा विधि नाहीं. मात्र पुसणें, धुणें व पाणी शिंपडणें एवढें करावें. शेवटीं तो सांगतो कीं, अशा मुलाच्या स्पर्शानें अशौच येत नाहीं.

या स्थलाचें खरें महत्त्व शेवटच्या वाक्यांत आहे. ज्या घरांत सोवळेंओवळें कसोशीनें पाळलें जातें, तेथें कडेवर मूल घेऊन स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीस हा नियम नसता तर दिवसांतून किती वेळां स्नान करावें लागलें असतें! सूत्रकारानें मुलास मोकळीक दिली, तिचा लाभ आईसही झाला. पुसणें व धुणें हें लहान मुलाचें दुसऱ्यानेंच करावयाचें असतें. तें करणारी व्यक्ति मात्र सूत्रांत अनुक्त आहे. धर्मशास्त्रानें हें क्षेत्र घरांतील स्त्रियांकडे सोंपवून आपण बाजूस राहणें पसंत केलें, असा याचा अर्थ मला दिसतो. ‘यथोपपाद’ म्हणजे शिक्षणाचा अभाव नव्हे. दोषाचा अभाव होय.

(३) वैद्यकग्रंथांची साक्ष यास पूरक आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत कुमारागाराचें वर्णन आहे. त्या घरांत पाणी, उखळ, स्नानभूमि व स्वयंपाकघर यांबरोबर ‘मूत्रवर्चःस्थान’ही नीट विभागलेलें असावें, असें म्हटलें आहे. तेथेंच, मलमूत्रानें बिघडलेलीं अंथरुणें टाकून द्यावींत, न जमल्यास धुवून, धुरी देऊन व वाळवून घ्यावींत, अशी आज्ञा आहे. म्हणजे अंथरुण बिघडणार हें धरलेलेंच आहे. मूल रडलें किंवा ऐकेना तरी राक्षस, पिशाच, पूतना यांचीं नांवें घेऊन त्यास भिववूं नये, असेंही चरक बजावतो. सुश्रुत मुलास दरडावण्याची मनाई करतो व पाठीस कुबड येईल म्हणून अकालीं बसवूं नये असें सांगतो. काश्यपसंहितेंत सहाव्या महिन्यांत उपवेशन सांगितलें असून, अति वेळ बसविल्यास होणाऱ्या विकारांत मलमूत्राचा अवरोधही गणला आहे. चरकानें सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत मूत्रपुरीषांचे वेग रोखूं नयेत असें सर्वांसच सांगितलें आहे. तेंच तत्त्व येथें दिसतें.

(४) वळण लागण्याची अपेक्षा मात्र होती. शार्ङ्गधरसंहितेंत बालरोगांच्या गणनेंत ‘शय्यामूत्र’ हें नांव येतें. जें प्रत्येक अर्भक करतें त्यास कोणी रोग म्हणत नाहीं. तें थांबावयास हवें होतें व थांबलें नाहीं, म्हणूनच त्यास रोगांत स्थान मिळालें. हा ग्रंथ उपनयनाचा विचार करीत नाहीं. ही अपेक्षा घरांतलीच आहे.

एकंदरींत, मुलास वळण लावीत ती आई किंवा दाई. वैद्य सांगे तो भिववूं नका, कोंडूं नका एवढेंच. आणि गुरु येई तो सर्वांच्या शेवटीं. मधल्या वर्षांचें ज्ञान मुख्यतः तोंडींच राहिलें. काश्यपसंहिता नेपाळांतील ताडपत्री पोथीवरून १९३८ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली, पण ती प्रत त्रुटित आहे. बालकांवरील या प्रमुख ग्रंथाचीं पुष्कळ पानें गेलीं आहेत. यास्तव पोथ्यांच्या संग्राहकांस विनंति अशी कीं, दप्तरांत घरगुती औषधांचीं व बाळगुटीचीं टिपणें असलेलीं बाडें सांपडल्यास तीं किरकोळ समजून टाकूं नयेत. सनदा व वंशावळी जपणारे पुष्कळ आहेत. आईच्या हातचें हें शास्त्र कोठें लिहिलें गेलें असेल, तर तें अशाच बाडांत.