अंकीय व्होल्टमापकातील गोंगाट आणि ड्रिफ्ट

अंकीय व्होल्टमापक अर्थात डिजिटल व्होल्टमीटरच्या वाचनात दोन भिन्न स्वरूपाच्या त्रुटी आढळतात. इनपुट स्थिर असतानाही शेवटचे अंक सतत बदलत राहतात, त्यास गोंगाट किंवा नॉइज म्हणतात. महिने-वर्षांच्या ओघात संपूर्ण मापनश्रेणी मूळ मानकापासून हळूहळू सरकते, त्यास ड्रिफ्ट म्हणतात. गोंगाट उपकरणाच्या पडद्यावरच दिसतो. श्रेणीचा ड्रिफ्ट मात्र बाह्य मानकाशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे स्थिर वाचन हे अचूक वाचन असेलच असे नाही.

गोंगाटाचे मापन

मापकाची दोन्ही इनपुट टोके स्वच्छ तांब्याच्या तारेने जोडून, उपकरण पुरेसे तापल्यावर, सलग वाचने नोंदवली जातात. त्यांचे प्रमाण विचलन हे गोंगाटाचे माप होय. भारतातील विद्युतपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने त्याचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. मापनाचा कालावधी त्याच्या पूर्ण पटीत ठेवल्यास पुरवठ्यातून येणारा व्यत्यय बराचसा रद्द होतो.

प्रत्येक रोधकात औष्णिक गोंगाट असतो. १० किलोओहमच्या रोधकात, सामान्य तापमानाला व १ हर्ट्‌झ पट्टारुंदीत, तो सुमारे १३ नॅनोव्होल्ट भरतो. अशा यादृच्छिक गोंगाटात १०० वाचनांची सरासरी घेतल्यास तो एक दशांश होतो. कमी वारंवारतेचा फ्लिकर गोंगाट मात्र सरासरीने फारसा घटत नाही. सरासरी किती काळ घेणे उपयुक्त आहे, हे डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या ॲलन विचलनाच्या आलेखावरून ठरवता येते.

ड्रिफ्ट

शून्याचा ड्रिफ्ट वरील जोडणीत दिसतो आणि स्वयं-शून्य सुविधेने तो बहुतांशी काढता येतो. श्रेणीचा ड्रिफ्ट मुख्यतः अंतर्गत संदर्भ व्होल्टता आणि रोधक यांच्या वयोमानामुळे होतो. ह्युलेट-पॅकार्डच्या ३४५८ए या साडेआठ अंकी मापकात १० व्होल्ट श्रेणीवरील शेवटचा अंक ०.१ मायक्रोव्होल्टचा आहे. तर वर्षभराची मूळ विनिर्दिष्ट मर्यादा वाचनाच्या दशलक्षांश ८ भाग, म्हणजे १० व्होल्टला ८० मायक्रोव्होल्ट आहे. ही मर्यादा शेवटच्या अंकाच्या ८०० पट आहे. स्वयं-अंशशोधनाने अंतर्गत मंडले संदर्भाशी जुळवली जातात. परंतु संदर्भच सरकला असेल, तर ते त्या उपकरणाला कळत नाही.

अंशशोधनाची साखळी

यासाठी मापकाची तुलना अधिक अचूक मानकाशी केली जाते. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा व्होल्टचे राष्ट्रीय मानक जोसेफसन परिणामाच्या आधारे राखते. या परिणामात व्होल्टता वारंवारतेवरून ठरते. ७५ गिगाहर्ट्‌झला एका संधीवर सुमारे १५५ मायक्रोव्होल्टची पायरी मिळते. महाराष्ट्रात मुंबईतील आयडेमी व ईआरटीएल (पश्चिम) या शासकीय संस्था विद्युत उपकरणांचे अंशशोधन करतात.

समायोजन करण्यापूर्वीचे वाचन नोंदवणे आवश्यक असते. ते न नोंदवता मापक थेट जुळवल्यास ड्रिफ्टचा पुरावा नष्ट होतो आणि मागील वर्षभरातील मोजमापे विश्वासार्ह होती की नाही, हे सांगता येत नाही.

किनारपट्टीचे हवामान

रत्नागिरीतील मिरकरवाडा बंदरासारख्या खाऱ्या, दमट परिसरात अतिरिक्त त्रुटी संभवतात. मिठाचा थर सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रतेत पाणी शोषून विद्युतवाहक बनतो. अशा थरामुळे इनपुट टोकांमधील रोध १ गिगाओहमपर्यंत उतरल्यास, १० किलोओहम रोधाच्या स्रोतावर दशलक्षांश १० भागांची त्रुटी येते. ही त्रुटी वाचन अस्थिर न करताही येऊ शकते, म्हणून ती ड्रिफ्ट समजली जाण्याचा संभव असतो. गंजलेल्या तांब्याच्या जोडणीत औष्णिक विद्युतदाबही वाढतो: तांबे व तांब्याचे ऑक्साइड यांच्या संधीवर तो अंशाला सुमारे १ मिलिव्होल्ट असू शकतो, तर स्वच्छ तांब्याच्या जोडणीत ०.२ मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी असतो. म्हणून अशा ठिकाणी टोके स्वच्छ ठेवणे, आर्द्रता नियंत्रित करणे आणि प्रत्येक वाचनासोबत तापमान व आर्द्रता नोंदवणे महत्त्वाचे ठरते.

हे सुद्धा पहा

* व्होल्ट
* जोसेफसन परिणाम
* ॲलन विचलन