टीव्हीखालचा डबा नक्की कोणाचा?

३१ मार्च २०१३ ही तारीख ठाण्यात कुणाच्या लक्षात नसेल, पण तिचा परिणाम आजही घरोघरी टीव्हीखाली दिसतो. केबल टीव्ही डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली ही त्यांतली दोन. मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ची मुदत होती, आपल्याला पाच महिने जास्त मिळाले. तोवर केबलवाल्याची काळी वायर खिडकीतून आत यायची आणि थेट टीव्हीच्या पाठीत जायची. आता सिग्नलला कुलूप लागलं आणि ते उघडायला डबा सक्तीचा झाला. मी तेव्हा शाळेत होतो. खोपटला एसटी आगाराच्या आसपास त्या दिवसांत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न हाच: बॉक्स बसवला का?

चित्र स्वच्छ झालं, चॅनेल वाढले, हे खरंच आहे. पण एक गोष्ट आपण फारसा विचार न करता मान्य केली. डब्याचे पैसे आपले, वीज आपली, जागा आपली, आणि त्यात काय चालणार हे ठरवणारा मात्र दुसरा. सेवा बदलली की चांगला चालू डबा अडगळीत जायचा. सेट टॉप बॉक्स कुठल्याही कंपनीच्या सेवेवर चालायला हवा, अशी शिफारस ट्रायने केली ती थेट एप्रिल २०२०मध्ये.

डबा कोणाचा, हा प्रश्न काही हौशी प्रोग्रामरांना आपल्या दहा वर्षं आधी पडला होता. त्यांच्यासमोरचा डबा होता मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स. गेम खेळायचं यंत्र, पण आतून जवळजवळ पीसीच: ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, हार्ड डिस्क, आणि टीव्हीला जोडायची सोय. मग यावर घरातले सिनेमे आणि गाणी का वाजू नयेत? मायक्रोसॉफ्टला ते नको होतं. लोकांनी मशीन उघडून त्यात मॉडचिप बसवल्या आणि २००२मध्ये त्यावर एक्सबॉक्स मीडिया प्लेअर चालवला. त्यातूनच एक्सबॉक्स मीडिया सेंटर, म्हणजे एक्सबीएमसी, तयार झालं. त्याची १.० आवृत्ती जून २००४मध्ये आली.

गंमत अशी की ते बांधायला मायक्रोसॉफ्टचंच डेव्हलपमेंट किट लागायचं आणि त्याचा परवाना या मंडळींकडे नव्हता. त्यामुळे प्रकल्प अधिकृतपणे फक्त सोर्स कोड द्यायचा, चालवायला तयार प्रोग्रॅम नाही. कोड जीपीएल परवान्याखाली खुला होता. कुणीही घ्या, वाचा, बदला, फक्त बदललेलं वाटलंत तर तेही खुलं ठेवा. २००८मध्ये प्लेक्स आणि बॉक्सी ही दोन नावं याच कोडमधून फुटून निघाली. स्वतः एक्सबीएमसीने २०१०मध्ये एक्सबॉक्सला रामराम ठोकला, कारण एचडी व्हिडिओ त्या मशीनच्या आवाक्याबाहेर होता. नावातला एक्सबॉक्स मात्र ऑगस्ट २०१४पर्यंत टिकला. मग नाव पडलं कोडी.

मधल्या काळात हार्डवेअर स्वस्त झालं. २९ फेब्रुवारी २०१२ला ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय बाजारात आला. प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आकड्यांत दहा वर्षं जुन्या एक्सबॉक्सपेक्षाही कमी. तरीही तो १०८० रेषांचा सिनेमा न अडखळता दाखवायचा. त्याचं कारण समजलं की आजच्या सगळ्या स्वस्त डब्यांचं गुपित कळतं. व्हिडिओ उलगडायचं काम मुख्य प्रोसेसर करतच नाही. त्यासाठी चिपमध्ये वेगळं सर्किट असतं आणि ते ठरावीक फॉरमॅटच समजतं. एच.२६४ त्याला पाठ असतं, तिथे ते धावतं. जो फॉरमॅट पाठ नाही, तिथे सगळा भार गरीब प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळतं. पायमध्ये तर डीव्हीडीचा एमपेग-२ फॉरमॅट समजणारं सर्किट असूनही कुलूपबंद होतं. त्याची किल्ली ऑगस्ट २०१२पासून वेगळे पैसे देऊन घ्यावी लागायची.

आमच्या घरी हा इतिहास उपयोगी पडला तो नाटकांमुळे. बाबांनी वर्षानुवर्षं मराठी नाटकांच्या व्हीसीडी विकत घेतल्या. एक नाटक, दोन-तीन तबकड्या. त्यांतली बरीच नाटकं आमच्याकडच्या एकाही स्ट्रीमिंग ॲपवर नाहीत. व्हीसीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला आणि तबकड्याही सोलवटू लागल्या होत्या. दुसरीकडे, काही वर्षांपूर्वी घेतलेला एक जीबी रॅमचा स्ट्रीमिंग डबा पडून होता. त्याचे अपडेट थांबले होते आणि एकेक ॲप 'हे उपकरण आता चालणार नाही' म्हणत होतं.

तबकड्यांमधल्या 'डॅट' फाइली मी हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि डब्यात कोडी टाकलं. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि फॉरमॅट एमपेग-१. इतकं हलकं काम त्या डब्याला सहज झेपलं. आत्याच्या लग्नाच्या कॅसेटवरून केलेली डीव्हीडी मात्र जड गेली. त्या काळच्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक रेषांमध्ये साठवलेलं असतं. ते नीट जुळवलं नाही, तर चालणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ती जुळवणी डब्याला पेलेना. शेवटी ती फाइल लॅपटॉपवर एच.२६४मध्ये बदलून घेतली. आत्या आता हार घालताना अडखळत नाही.

कोडी सिनेमांची पोस्टर आणि माहिती इंटरनेटवरून आपोआप आणतं. आमच्या नाटकांची माहिती त्याला मिळेना. शिवाय जुन्या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं तुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची. अक्षरांचा प्रश्न नव्या आवृत्तीत बराच सुटला. माहितीचा आम्ही सोडवला. प्रत्येक नाटकासाठी एक छोटी मजकूर फाइल लिहिता येते. मी टाइप करायचो, बाबा सांगायचे: लेखक, दिग्दर्शक, कोण कुठल्या भूमिकेत, आणि गडकरी रंगायतनला त्यांनी तो प्रयोग पाहिला होता का. आजी मधूनच दुरुस्ती करायची. यादी पूर्ण व्हायला चार रविवार लागले. कुठल्याच कंपनीला अशा यादीची गरज नाही. आम्हाला होती.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कोडीचं नाव बदनाम झालं ते चोरीचे सिनेमे दाखवणारी ॲड-ऑन भरून विकलेल्या डब्यांमुळे. कोडी स्वतः एकही सिनेमा पुरवत नाही, आणि अशा विक्रेत्यांवर त्याची टीमही उघडपणे चिडलेली होती. ॲमेझॉनने जून २०१५मध्ये कोडीला आपल्या ॲपस्टोअरमधून काढलं. एप्रिल २०१७मध्ये युरोपच्या न्यायालयाने असे 'भरलेले' डबे विकणं हाच कॉपीराइटचा भंग ठरवला. तो निकाल मला योग्य वाटतो. पण त्यात विक्रेता दोषी ठरला, बाहेरचं सॉफ्टवेअर चालवू देणारा डबा नव्हे.

आता वारं उलट दिशेला आहे. २०२५मध्ये ॲमेझॉनने व्हेगा नावाची नवी प्रणाली असलेली फायर टीव्ही स्टिक आणली. तिच्यावर सामान्य ग्राहकाला कंपनीच्या स्टोअरबाहेरचं ॲप टाकताच येत नाही. २०१३च्या सेट टॉप बॉक्ससारखंच झालं हे, फक्त या वेळी सरकारी मुदत नाही आणि सेलमध्ये सूट आहे. म्हणून पुढचा डबा घेताना रॅम आणि फोर-केच्या आधी दोन गोष्टी विचारा: यूएसबी पोर्ट आहे का, आणि बाहेरचं ॲप बसतं का. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर कंपनीने साथ सोडल्यावरही तो डबा काही वर्षं तुमच्या कामाचा राहील. आणि घरात व्हीसीडी असतील, तर त्या आधी उतरवून घ्या. डबे नवे मिळतात, सोललेली तबकडी परत वाचता येत नाही.