छातीवर नाव लिहिलेले सोंग

हॅलोविनचे सोंग मुळात ओळख लपवण्यासाठी घेतले जात असे. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ३१ ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे ख्रिस्ती सर्वसंत दिनाच्या पूर्वसंध्येला, मुले आणि तरुण तोंडाला काजळी फासून, घरातले जुनेपाने कपडे अंगावर चढवून दारोदार फिरत. या फिरण्याला स्कॉटलंडमध्ये ‘गायझिंग’ म्हणत. दारात गाणे म्हणायचे किंवा एखादी नक्कल करायची आणि त्याबद्दल सफरचंदे, सुकी फळे, क्वचित नाणी घ्यायची, असा रिवाज होता. या दिवसाची मुळे ‘साविन’ या प्राचीन केल्टिक सणात शोधली जातात. पण वेश पालटून फिरण्याच्या नोंदी त्या मानाने अलीकडच्या, सोळाव्या शतकापासूनच्या आहेत.

शेटलंड बेटांवरचे ‘स्केकलर’ हे सोंग पुरते निभावत. अंगभर पेंढ्याचा पोशाख, डोक्यावर पेंढ्याचीच उंच टोपी आणि तोंडावर फडके. बोलायची वेळ आली की ते श्वास आत ओढता ओढता बोलत. त्यामुळे आवाज बदलून जाई आणि रोज समोर येणारा शेजारीसुद्धा ओळखू येत नसे. पेंढा शेतातला, फडके घरातले. विकत आणण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला आणि लाखो लोक अमेरिकेत गेले. त्यांच्याबरोबर आणि स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर हॅलोविनही तिकडे पोहोचला. शतकाच्या अखेरीस शहरी मध्यमवर्गीय घरांत त्याच्या मेजवान्या होऊ लागल्या. रस्त्यावर मात्र ही रात्र दंग्याची होती. पोरे फाटके उचलून नेत, खिडक्या फोडत. त्यांना कशात तरी गुंतवावे म्हणून गावोगावच्या मंडळींनी वेशभूषेच्या मिरवणुका सुरू केल्या. मिनेसोटातील अनोका गावाने १९२० मध्ये काढलेली मिरवणूक अशा पहिल्या मोठ्या सार्वजनिक समारंभांपैकी एक मानली जाते. न्यूयॉर्कमध्ये तर मुले वेश पालटून पैसे मागत फिरत ती हॅलोविनला नव्हे, नोव्हेंबरमधल्या ‘थँक्सगिव्हिंग’ला. मोठ्यांचे ढगळ कपडे घालून ती भिकाऱ्याचे सोंग घेत. ही चाल पुढे मागे पडली आणि दारोदार फिरण्याचा मान हॅलोविनकडे गेला.

पोशाख कसा करावा हे छापून सांगण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन या कागद कंपनीला जाते. तिला आपला क्रेप कागद खपवायचा होता. तिने १९०९ मध्ये ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका काढली, १९१२ पासून तिचे नवे अंक येऊ लागले आणि ही मालिका १९३०च्या दशकापर्यंत चालली. घर कसे सजवावे, कोणते खेळ घ्यावेत आणि कागदाचे पोशाख कसे करावेत, हे त्यात चित्रांसह असे. चुण्यांच्या या कागदाला ताण दिला की तो कापडासारखा वळतो, झालर धरतो, आणि शिवणयंत्राखालीही घालता येतो. साध्या कापडी झग्यावर नारिंगी-काळ्या पट्ट्या, वटवाघळे आणि मांजरे शिवली किंवा चिकटवली की एका संध्याकाळपुरती चेटकीण तयार होई. पाऊस लागला की रंग उतरे आणि मेणबत्तीजवळ गेले तर जिवाशी गाठ. तरीही या पुस्तिकांचे मोल मोठे आहे. हॅलोविनचा नारिंगी-काळा थाट त्यांनी घराघरांत रुजवला आणि कात्री मात्र आईच्याच हातात ठेवली.

कात्री घरातून बाहेर गेली ती कारखान्यांमुळे. पेनसिल्व्हेनियातील कॉलेजव्हिल ही कंपनी मूळची झेंडे शिवणारी. उरलेल्या कापडातून ती विदूषकांचे पोशाख करू लागली. ब्रुकलिनच्या बेन कूपर यांनी नाटक-नृत्याच्या कपड्यांत हात बसवलेला होता. ‘कॉटन क्लब’ आणि ‘झीगफेल्ड फॉलीज’साठी त्यांनी काम केले होते. १९३७ मध्ये त्यांनी हॅलोविनच्या पोशाखांची कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धातले साखरेचे रेशनिंग उठल्यावर दारोदार खाऊ मागण्याची प्रथा देशभर पसरली, उपनगरे वाढली, घराघरांत दूरचित्रवाणी आली आणि या कंपन्यांना सुगीचे दिवस आले.

त्या काळातला तयार पोशाख पातळ पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळे. खोक्याच्या झाकणाला पारदर्शक कागदाची खिडकी, आणि तिच्यातून मुखवटा बाहेर बघत असे. आधीचे मुखवटे खळ लावलेल्या जाळीदार कापडाचे असत आणि तोंडाच्या वाफेने मऊ पडत. नवा मुखवटा तापवलेला प्लॅस्टिकचा पातळ पत्रा साच्यावर ओढून केलेला असे: डोळ्यांना दोन भोके, नाकाला दोन, ओठांशी एक फट आणि कानांजवळ पिनेने ठोकलेली इलॅस्टिकची दोरी. आत घाम साचे आणि दोरी हमखास तुटे. मुखवट्याखाली घडी घातलेला, मानेमागे बांधायचा झगा. सगळे मिळून तीन डॉलरच्या आत.

या झग्याच्या छातीवर पाहिले की सोंगाचा इतिहास कुठे वळला ते दिसते. स्पायडरमॅनचा झगा स्पायडरमॅनच्या कपड्यांसारखा नसे. त्यावर स्पायडरमॅनचे चित्र आणि नाव छापलेले असे. मूल त्या पात्राचा वेश घेत नव्हते, त्याची पाटी अंगावर वागवत होते. कंपनीने पात्राच्या मालकाकडून परवाना घेतलेला असे आणि नाव ठसठशीत दिसण्यातच दोघांचा फायदा होता. जिथे ओळखू न येणे ही कसोटी होती, तिथे दुरूनच ओळखू येणे ही कसोटी झाली. कूपर यांनी हेरले होते की मुलांना पडद्यावरचे आणि चित्रकथेतले नायक हवे असतात. पहिल्या अंकानंतर अवघ्या वर्षभरात, १९६३ मध्ये, त्यांनी स्पायडरमॅन बाजारात आणला होता. ‘काय करू या’ हा घरातला प्रश्न ‘कोणता घेऊ या’ असा झाला.

मोठ्यांच्या सोंगाची वाट वेगळी. डॉन पोस्ट यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून डोक्यावरून चढवायचे रबरी मुखवटे केले. ‘हॅलोविन’ (१९७८) या चित्रपटातील खुन्याचा चेहरा म्हणजे त्यांच्याच कंपनीचा, ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कचा मुखवटा. पैसे कमी होते, म्हणून तो दुकानातून आणून डोळ्यांची भोके मोठी केली, कल्ले काढले आणि चेहरा पांढरा रंगवला. विकतच्या मुखवट्यातूनही नवे सोंग घडवता येते, हे त्या कारागिरीने दाखवले.

१९८२ च्या शरदात शिकागो परिसरात कुणीतरी औषधाच्या कॅप्सुलमध्ये सायनाइड भरले आणि सात जण दगावले. त्या भीतीने अनेक पालकांनी मुलांना बाहेर सोडले नाही, पोशाखांची विक्री घसरली. कूपर यांची कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली आणि १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्याच ‘रुबीज’ने ती घेतली. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘स्पिरिट हॅलोविन’ सुरू झाले. रिकामे गाळे दोन-तीन महिन्यांसाठी भाड्याने घ्यायचे आणि नोव्हेंबर लागताच गाशा गुंडाळायचा, अशी त्याची पद्धत. आज त्याची हजाराहून अधिक दुकाने हंगामात उघडतात. तिथे गिऱ्हाईक बहुतेकदा मोठे माणूस असते. निवडीबरोबर जबाबदारीही आली. मूळनिवासी, मेक्सिकन किंवा आशियाई माणसांना सोंगाचा विषय करण्याविरुद्ध ओहायो विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये भित्तिपत्रांची मोहीम काढली, आणि ती देशभर पोहोचली.

हाताने केलेले सोंग मात्र संपले नाही. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये मुखवटे आणि बाहुल्या करणारे राल्फ ली यांनी १९७४ मध्ये शेजारपाजारच्या मुलांना घेऊन एक छोटी मिरवणूक काढली. माणसापेक्षा उंच बाहुल्या त्यांनी आपल्या हाताने केल्या होत्या. आता या मिरवणुकीत हजारो लोक चालतात, आणि तिच्यात सामील होण्यासाठी सोंग घेऊन यावे लागते.