यंत्रकरवत चालविण्याची पात्रता : प्रशिक्षणाचा नियम आणि पडताळणीची पद्धत

जबलपूर : लाकूडकामाच्या कार्यशाळेत विजेवर चालणाऱ्या करवतीवर कामगाराला उभे करण्यापूर्वी तो ती सुरक्षितपणे चालवू शकतो काय, याची खातरजमा करणे ही मालकाची जबाबदारी आहे. प्रशिक्षण देणे आणि प्रशिक्षणातून कौशल्य आले की नाही हे तपासणे, या दोन स्वतंत्र बाबी आहेत. कायद्याने पहिल्या बाबीची सक्ती केली आहे. दुसरी बाब बहुतांशी कार्यशाळेच्या शिस्तीवर सोपविली गेली आहे.

धोक्याचे स्वरूप

३०० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला २,८८० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ४५ मीटर, म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या आसपास असतो. धोका जाणवून हात मागे घेण्यास एक पंचमांश सेकंद लागला, तरी तेवढ्या अवधीत दात्यांनी नऊ मीटर अंतर कापलेले असते. त्यामुळे ‘वेळेवर हात काढून घेईन’ हा भरवसा या यंत्रापुढे निरुपयोगी ठरतो.

दुसरा धोका लाकूड उलटे फेकले जाण्याचा. चिरलेल्या फळीचे दोन भाग पात्यामागे मिटू लागले की ते पात्याला घट्ट धरतात. पात्याचे मागील दाते फळी उचलून थेट चालकाच्या दिशेने भिरकावतात आणि तिच्यासोबत हातही पात्यावर ओढला जाण्याची भीती असते.

अशा अपघाताची किंमत बहुधा बोटांच्या रूपाने मोजावी लागते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास उत्पन्नक्षमतेची हानी ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के, तर एका हाताची चार बोटे गमावल्यास ५० टक्के धरण्यात आली होती. हातावर पोट असलेल्या सुताराची खरी हानी या आकड्यांत मावत नाही.

कायदा काय सांगतो

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालण्याविषयी होते. कलम २३ नुसार राज्य सरकारने धोकादायक ठरविलेल्या यंत्रावर अल्पवयीन कामगारास पुरेशा प्रशिक्षणाशिवाय किंवा जाणकाराच्या देखरेखीशिवाय काम देता येत नव्हते.

लाकूडकामाच्या यंत्रांबाबत कारखाना नियमांनी हे बंधन सर्व वयाच्या कामगारांना लागू केले. त्या वर्गाच्या यंत्राचे पुरेसे प्रशिक्षण घेतलेले नसेल, तर यंत्राची संपूर्ण माहिती असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच काम करता येते. शिकाऊ कामगाराला धोके आणि खबरदारी काळजीपूर्वक समजावून देणेही बंधनकारक आहे. ‘त्या वर्गाच्या यंत्राचे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पट्टा करवतीवर दहा वर्षे काढलेला कारागीर गोल करवतीसाठी आपोआप पात्र ठरत नाही.

याच नियमांत गोल करवतीची मापेही दिली आहेत. पात्यामागे, त्याच्याच रेषेत, एक भक्कम पोलादी पट्टी हवी. चिरलेले भाग मिटू न देणे हे तिचे काम. मेजाच्या पातळीवर ही पट्टी आणि दाते यांतील अंतर १० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावे. पात्याच्या माथ्यावर सहज हलविता येणारे आवरण असावे आणि प्रत्येक गोल करवतीपाशी लाकूड पुढे सरकविण्यासाठी ढकलकाठी असावी.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा १० वरून २० करण्यात आली आहे. आठ-दहा माणसांत चालणाऱ्या फर्निचर कार्यशाळेत निरीक्षकाचे पाऊल क्वचितच पडते. तेथे कामगाराचे रक्षण मालक आणि मुकादम यांच्या दक्षतेवरच अवलंबून राहते.

जबलपूरचा संदर्भ

जबलपूर हे कसबी कारागिरांचे जुने केंद्र आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून, तर व्हेईकल फॅक्टरी १९६९ पासून कार्यरत आहे. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय २००३ पासून याच शहरात आहे. आयुध निर्माण्या आणि रेल्वे यांत कारागिराला वरची श्रेणी देण्यापूर्वी ‘ट्रेड टेस्ट’ घेण्याची परंपरा आहे. कौशल्य कागदावर न पाहता प्रत्यक्ष कामातून पाहावे, हा विचार त्यामुळे या शहराला नवा नाही.

सागवान आणि साल यांच्या वनपट्ट्यालगत असल्याने लाकडाचा व्यापारही येथे जुना आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था येथेच आहे. आरागिरण्यांना मध्य प्रदेश काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियम, १९८४ अन्वये परवाना घ्यावा लागतो. तथापि, त्या परवान्याचा हेतू वनसंरक्षणाचा आहे. लाकूड कोठून आले याचा हिशेब त्यातून मिळतो. ते चिरणारा हात प्रशिक्षित आहे काय, याचे उत्तर मिळत नाही. दाराशी परवाना लावलेला आहे म्हणून कामगार सुरक्षित आहेत, असे मानणे चूक ठरेल.

पडताळणी कशी करावी

पहिला टप्पा बंद यंत्रापाशी पार पाडावा. वीजपुरवठा तोडणे, पात्याला तडा आहे काय हे पाहणे, दात्यांची धार तपासणे, पोलादी पट्टीचे अंतर मोजणे, आवरण व मार्गदर्शक पट्टी बसविणे, ही कामे कामगाराने स्वतः करून दाखवावीत. पाते बदलताना दुसऱ्या कोणी बटण दाबू नये यासाठी तो काय करतो, याकडे विशेष लक्ष द्यावे.

दुसरा टप्पा प्रश्नोत्तरांचा. फळी मध्येच अडकली तर काय कराल? आवरण काढण्यास मुकादमानेच सांगितले तर? हे प्रश्न कामगाराच्या बोलीत विचारावेत. हिंदी, बुंदेली, गोंडी किंवा मराठी बोलणाऱ्या कामगाराला इंग्रजी कागदावर सही करावयास लावणे म्हणजे पडताळणी नव्हे. अक्षरओळख कमी असणे हे कौशल्य कमी असल्याचे लक्षणही नव्हे.

तिसरा टप्पा प्रात्यक्षिकाचा. लांब फळी उभी चिरणे, आडवा काप घेणे आणि अरुंद तुकडा ढकलकाठीने सरकविणे, अशी कामे पाहावीत. चालक पात्याच्या रेषेतून बाजूला उभा राहतो काय, हातमोजे व सैल बाह्या टाळतो काय, बटण बंद केल्यावर पाते पूर्ण थांबेपर्यंत हात दूर ठेवतो काय, या गोष्टी निर्णायक आहेत. पडलेले तुकडे फिरत्या पात्याजवळून हाताने उचलणारा कामगार अनुत्तीर्ण समजावा, मग त्याचा काप कितीही सरळ असो.

ब्रिटनमधील मार्गदर्शक संहितेत प्रशिक्षणाचे तीन भाग मानले आहेत : सर्वसाधारण सुरक्षाज्ञान, विशिष्ट यंत्राचे शिक्षण आणि निकट देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचा सराव. भारतीय कार्यशाळांत तिसरा भाग बहुधा वाट्याला येतो, पहिले दोन राहून जातात.

अनुभवी कारागिरांचा प्रश्न

आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम किंवा पूर्वानुभवाला मान्यता देणारे शासकीय प्रमाणपत्र हा चांगला पाया आहे. परंतु ते समोरच्या यंत्रावरील कसोटीची जागा घेऊ शकत नाही. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या कारागिराने कसबासोबत आवरण काढून ठेवण्याची सवयही उचललेली असू शकते. म्हणून वीस वर्षांच्या अनुभवालाही पडताळणीतून सूट नसावी. ती घेताना मात्र त्याचा मान राखला जावा. परीक्षा माणसाची नसून कामाच्या पद्धतीची आहे, हे आधी सांगावे.

नोंद आणि फेरतपासणी

कामगाराचे नाव, यंत्राचा वर्ग, परवानगी असलेली कामे, दिनांक आणि तपासणाऱ्याची सही एवढी नोंद वहीत पुरेशी असते. शिकविणारा आणि तपासणारा शक्यतो वेगळे असावेत. नवे यंत्र आले, दीर्घ खंड पडला, अपघात झाला किंवा थोडक्यात टळला, तर पुन्हा तपासणी करावी. नोंद नसलेल्या कोणीही बटणाला हात लावू नये, हा नियम मालकाच्या मुलालाही तितकाच लागू असावा.