थ्री नॉट थ्रीचं नवं लाकूड

गेल्या हिवाळ्यातले बहुतेक शनिवार शेजारच्या काकांच्या गराजमध्ये गेले. काका म्हणजे सत्तरी उलटलेले ओहायोचे गृहस्थ. मी मनातल्या मनात काका म्हणतो, तोंडावर नावानेच हाक मारतो. (आई, रागावू नकोस, इथे तसंच चालतं.) त्यांनी वडिलांची जुनी रायफल दुरुस्तीला काढली होती. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण तेलकट फडकं बाजूला केलं आणि ओळखीचं काहीतरी दिसलं. ली-एन्फील्ड. आपली थ्री नॉट थ्री!

आपली अशासाठी की आमचे आजोबा साताऱ्याला पोलिसात हवालदार होते. घरात बंदूक कधी आली नाही, पण आजी सांगायची, परेडच्या आदल्या दिवशी यांच्या हाताला अळशीच्या तेलाचा वास यायचा. बटाला तेल चोळून यायचे ना!

थोडा इतिहास. बोल्ट आणि मॅगझिनची कल्पना जेम्स पॅरिस ली याची. स्कॉटलंडमध्ये जन्मला, कॅनडात वाढला. नळीच्या आतले आटे लंडनजवळच्या एन्फील्ड कारखान्याचे. म्हणून ली-एन्फील्ड. (१८५७ च्या काडतुसांची एन्फील्ड ही नव्हे. ती १८५३ ची, तोंडाकडून भरायची. गाव तेच, बंदूक निराळी.) १९०७ मध्ये मार्क तीन आली: दहा गोळ्या, चार किलोच्या आसपास वजन. शिपायाने मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या झाडाव्यात अशी अपेक्षा. एवढ्या वेगात नळी तापून हात भाजणारच, म्हणून तिला पार तोंडापर्यंत खालून-वरून लाकडाचं पांघरूण. हीच रायफल आपल्याकडे कोलकात्याजवळ इशापूरला बनत होती. आणि २००८ च्या नोव्हेंबरात सीएसटीवर एके-४७ समोर उभ्या राहिलेल्या आपल्या पोलिसांच्या हातातही थ्री नॉट थ्रीच होती. ते आठवलं की पुढे लिहायला जरा वेळ लागतो.

असो. काकांच्या रायफलवर मुकुट, त्याखाली बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीचं नाव आणि १९१७ साल. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा रायफली अमेरिकेत मातीमोल भावाने विकल्या गेल्या. १९६८ च्या कायद्यापर्यंत टपालाने घरपोच यायच्या. हरणाच्या शिकारीला पांघरुणाचं ओझं कशाला? लोकांनी पुढचं लाकूड करवतीने अर्धं कापलं आणि वरची हँडगार्डं फेकून दिली. काकांच्या वडिलांनीही तेच केलं. नशीब, नळी कापली नाही. नळी कापली असती तर दुरुस्तीचा विषयच संपला असता.

आता मूळ लाकूड सहजी मिळत नाही, म्हणून काकांनी जुन्या नमुन्यावरून नव्याने बनवलेले अक्रोडाचे भाग मागवले. मला वाटलं होतं, खोका उघडायचा आणि बसवायचं. कसलं काय! नवं लाकूड मुद्दाम थोडं जाड ठेवलेलं असतं. धातूला काजळी लावायची, लाकूड दाबायचं, जिथे काळा डाग उठेल तिथे पटाशीने कागदाएवढं खरवडायचं, पुन्हा दाबायचं. गोळी सुटली की मागे येणारा धक्का लाकडाच्या मागच्या टोकाचे दोन छोटे खांदे झेलतात. दोन्ही सारखे टेकले नाहीत तर लाकूड उभं चिरतं. या दोन खांद्यांवर आमचे तीन शनिवार गेले.

आणि एक धडा. बट सोडवायचा तर आधी पुढचं लाकूड काढायचं. बटाच्या आतल्या लांब बोल्टाचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेलं असतं. तसाच फिरवला की नवंकोरं लाकूड फाटतं. मी उत्साहाने स्क्रूड्रायव्हर उचलला तेव्हा काका जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बट मात्र जुनाच होता, शंभर वर्षांच्या तेलाने काळपट. त्याला पितळी पट्टी आणि आत तेलाच्या बाटलीची खोबण. पुढचं लाकूड फिकट, नवं. माझं मत होतं, रंग लावून दोन्ही एकसारखं करावं. काका नाही म्हणाले. सैन्याच्या कारखान्यातही फुटलेलं लाकूड बदलतच असत, मग कुणाला फसवायचं?

मला खरा प्रश्न वेगळाच पडला होता. वडिलांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लहानग्या काकांना टोक धरायला लावून ते लाकूड कापलं होतं. १९१७ ची रायफल परत आणताना ती संध्याकाळ पुसली जात नाही का? शेवटी एकदा विचारलंच. काका बराच वेळ कानस पुसत राहिले. मग म्हणाले, "बाबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, वेडा आहेस."

मार्चमध्ये काम संपलं. अळशीच्या तेलाचा शेवटचा हात मी दिला, तळहाताने, लाकूड गरम होईपर्यंत चोळून. वडिलांनी कापलेलं लाकूड काकांनी टाकलं नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळून गराजच्या वरच्या फळीवर ठेवलंय. करवतीच्या खुणा अजून तशाच आहेत, जरा तिरक्या.

घरी आलो तर बायको म्हणाली, हाताला कसला वास येतोय?